खाकरून जावं

धारूर
दसऱ्याचा दुसरा दिवस, १९९७

प्रिय कावेरी,

तुझ्या नावाआधी काय लिहावं, इथंच पेन अडला होता. लग्न ठरलं त्या साली तुझ्या माहेरी कार्ड धाडलं तेव्हा ‘चि. सौ. कां.’ लिहिलं होतं. आता लोक जे ‘गं. भा.’ लिहितात ते माझ्या हातून उमटत नाही. ‘प्रिय’ हा शब्द मी आजवर कुणालाच लिहिलेला नाही, तुझ्या सासूबाईंनाही नाही. त्या माहेरी गेल्या की ‘इकडे सर्व ठीक, पाऊस बेताचा’ एवढंच लिहायचो, आणि त्या आल्यावर म्हणायच्या, ‘पाऊस पेपरात वाचला असता की मी.’ तेव्हा शब्द जरा अवघडून बसल्यासारखा वाटला तर सांभाळून घे.

छबूबाई मागच्या आठवड्यात दुकानात आली होती. सीताफळाच्या पाट्या घेऊन ती युसूफ वडगावच्या बाजाराला जाते, येताना तुझी खुशाली आणते. तू तिथं शाळेवर लागल्यापासून आपलं टपाल तीच. या वेळी मात्र गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबली आणि मग हळूच म्हणाली, ‘अण्णा, शाळंतले मोहनराव गुरुजी हायत ना, त्यांनी कावेरीला मागणी घातली. माणूस चांगला हाय. पर पोरगी म्हणती, मामंजी हो म्हणल्याबगर मी तोंड उघडणार न्हाई. काय सांगू तिला?’ मी गुळाची ढेप फोडत होतो, ती फोडतच राहिलो. बराच वेळ उभी राहिली बिचारी. शेवटी म्हणाली, ‘गूळ लई बारीक झाला की ओ अण्णा, आता पीठच व्हायचं,’ आणि पाटी उचलून गेली. तिला उत्तर द्यायचं नव्हतं असं नाही. पण ते गुळावर वाकून देण्यासारखं नव्हतं. आज दुकान बंद ठेवून लिहायला बसलो आहे. मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही, तुला माहीत आहे. जरा वळशानं येतो.

इकडची हकीकत अशी. आपल्या राजेश्वरच्या फोटो स्टुडिओच्या गाळ्यात आता केबलवाला बसतो. बाजारपेठेवरून काळ्या तारा गेल्यात, त्यांवर कावळे बसतात. थंड बाटल्यांची कंपनी माझ्या दुकानात लाल पेटी ठेवू म्हणत होती. मी म्हणालो, वीज असते कधी? तर कंपनीचा पोरगा म्हणाला, ‘पेटी तर दिसंल ना काका!’ मनी मांजरीनं माळ्यावर पिल्लं घातली आहेत. मी बाहेरून आलो की अजून ओसरीच्या पायरीवर खाकरतो. आत कुणी नाही, पण घशाला ते कोण सांगणार? मनी तेवढी मान वर करते, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघते. तिथून कुणी उठत नाही, मग पुन्हा डोळे मिटते. माझंही तसंच होतं.

त्या मनीनं आपलं घर चालवलं, आठवतं? राजेश्वर गेल्यावर आपण दोघंच उरलो. सासऱ्यानं सुनेशी समोरासमोर बोलायचं नाही, सुनेनं दारामागं उभं राहायचं. मधे बोलणारं माणूसच नाही. मग तू एके दिवशी म्हणालीस, ‘मने, मामंजींना सांग, चहा गार होतोय.’ आणि मी म्हणालो, ‘मने, तिला सांग, साखर जरा कमी घाल.’ पुढं डीएडच्या फॉर्मचंही मनीलाच सांगितलं होतंस. गावात कुणी ऐकलं असतं तर म्हणाले असते, अण्णाराव वाण्याच्या घरात मांजर कारभारी आहे.

खाकरण्यावरून सांगतो. माझे वडील दर सोमवारी दरीतल्या महादेवाला जायचे, मला बरोबर न्यायचे. किल्ल्याच्या मागची उतरण लागली की ते खाकरायला लागायचे. खोकला नव्हता त्यांना. आश्विनात सीताफळं पिकायला येऊन डोळे टाकू लागली की अस्वल त्या झाडीत उतरायचं. वडील म्हणायचे, ‘दांडगं जनावर हाय, पर लाजरं हाय. डोळ्यानं अधू. आपून त्याच्या घरातून चाललो, तर घरात सून असल्यावानी खाकरून जावं. त्याला वाट मिळती, ते आपलं बाजूला होतं.’ फळं वेचायला जाणाऱ्या बायकाही म्हणून मोठमोठ्यानं बोलत जातात. छबूबाई तर एकटी असली तरी नवऱ्याला शिव्या देत जाते. मी एवढी वर्षं त्या वाटेनं गेलो. दोनदा अस्वल पाहिलं आणि दोन्ही वेळा पाठमोरं.

राजेश्वरला तेच पाठमोरं नको होतं. तुला सगळं ठाऊक आहे, तरी मला ते एकदा माझ्या हातानं लिहायचं आहे. निवडणूक ओळखपत्रांच्या त्या गर्दीत सगळ्या तालुक्याचे चेहरे काढून तो कंटाळला होता. ‘अप्पा, समदी एकसारखी बघत्यात, जणू पोलिसात आणलंय,’ म्हणायचा. गावाला मी अण्णा, अप्पा फक्त त्याचा. औरंगाबादच्या पेपरवाल्यानं अस्वलाचा फोटो आणलास तर छापू म्हणून सांगितलं आणि त्यानं कुठूनसं ते कॅमेऱ्याचं हातभर लांब भिंग आणलं. मी म्हणालो, अंतर ठेव. तर त्यानं मला भिंगातून किल्ल्याचा बुरूज दाखवला. दगडावर बसलेला होला पक्षी डोळ्याशी आला. ‘बघा अप्पा, मी लांबच ऱ्हाणार. जवळ जायचं काम भिंग करतंय.’ मला पटलं. फक्त म्हणालो, वाटेनं खाकरत जा. तेव्हा तो हसला. ‘खाकरल्यावर ते थांबंल का? पळतं ढुंगण कोण छापतंय अप्पा?’ तूही आत हसलीस. मला ऐकू आलं होतं. या घरातलं शेवटचं हसणं म्हणून मी ते जपून ठेवलं आहे.

पुढचं सटवा धनगरानं सांगितलं. तो पलीकडच्या कड्यावर मेंढरं घेऊन होता. राजेश्वर खडकाला टेकून बसला होता, अस्वल खाली लांब सीताफळाखाली खात होतं. खात खात ते वर सरकू लागलं. सटवा ओरडू लागला, तर राजेश्वरनं डोळा भिंगावरून न काढता मागं हात केला, म्हणजे ‘गप बे.’ सटवा अजून दुकानात आला की तेवढा हात करून दाखवतो आणि रडतो. अस्वलाला अगदी पुढ्यात आल्यावर माणसाचा वास आला. ते घाबरलं. घाबरलेलं जनावर जे करतं ते त्यानं केलं. अंबाजोगाईला नेईपर्यंत आपला राजू उरला नव्हता.

गावानं ठरवून टाकलं की पोरगं फोटोच्या नादात अस्वलाच्या अंगावर गेलं. चहाच्या गाड्यावर हे मी स्वतः ऐकलं, तूही नळावर ऐकलं असशील. कॅमेरा तू त्याच्या शर्टांखाली कपाटात ठेवून दिलास. मी हात लावला नव्हता. तू वडगावला राहायला गेल्यावर एकदा कपाट उघडलं, तर त्यात रीळ तसंच होतं. मागच्या महिन्यात अंबाजोगाईच्या कलर लॅबमध्ये ते धुऊन आणलं. इतक्या दिवसांनी रंग तांबूस झालेत, पण दिसतं सगळं. पहिल्या फोटोत अस्वल तिळाएवढं आहे. पुढच्यात भुईमुगाच्या शेंगेएवढं. मग मोठं, आणखी मोठं. शेवटच्यात नुसता काळोख आहे आणि त्यात एक डोळा. पण प्रत्येक फोटोत डाव्या कोपऱ्यात एक सीताफळाचं झाड आहे, कावेरी, आणि ते तेवढ्याचं तेवढंच आहे. एका बोटानंही मोठं होत नाही. म्हणजे आपला पोरगा जागचा हलला नव्हता. त्यानं मला दिलेला शब्द पाळला होता.

हे फोटो पूजेच्या वेळी समोर ठेवून मी बरेच दिवस बघतो आहे. त्यानं अंतर मोजून ठेवलं होतं, पण ते अस्वलाला ठाऊक नव्हतं. एकट्यानं राखलेलं अंतर पुरत नाही. दुसऱ्याला कळावं लागतं की इथं कुणी बसलेलं आहे. महादेवाला मी पुष्कळ विचारलं की पोरगा का नेलास. त्याचं उत्तर आलं नाही, येणारही नाही. पण एवढं समजलं ते त्यानंच समजावलं असं मी धरतो. अस्वलावर माझा राग उरलेला नाही. परवा सोमवारी त्याच वाटेनं दरीत गेलो, खाकरत. झाडीत काहीतरी बाजूला झालं. मी हात जोडून पुढं गेलो.

आणि परत येताना वाटेत उभाच राहिलो. मनात आलं, छबूबाईला उत्तर न देता मी गुळावर वाकलो, तेव्हा तू तिकडं काय समजलीस? मी रागावलो असं समजलीस असणार. मोहनरावांशी बोलणं टाकलं असशील, शाळेत मान खाली घालून वावरत असशील. तुझा भाऊ केदारनाथ तेलगावहून येऊन गेला, म्हणाला, ‘तुमी म्हणाल तसं, अण्णा.’ म्हणजे सगळे माझ्या आवाजाची वाट बघतायत आणि मी खडकाला टेकून गप्प. म्हणून हे पत्र. कावेरी, माझं हो आहे. मनापासून आहे. जंगमस्वामींशी बोललो, त्यांनी दिवाळीनंतरचा दिवस काढून दिला आहे. लग्न या घरातून होईल, केदारनाथला मी सांगितलं आहे. लोक बोलतील. ते तारेवरच्या कावळ्यांसारखे, दमले की उडतात. रिळातला पहिला फोटो सोबत ठेवला आहे. तिळाएवढं अस्वल, आणि कोपऱ्यात झाड. तो मोहनरावांनाही दाखव, म्हणजे राजेश्वर कसा होता ते त्यांना कळेल. बाकीचे माझ्याजवळ राहू देत. दिवाळीच्या चार दिवस आधी ये, पिल्लं डोळे उघडतील तोवर. आता एकच सांगायचं राहिलं. सून घरात असली तर माणूस खाकरून आत येतो. लेक असली तर बाप तसाच येतो, चपला काढत, पाणी दे गं म्हणत. मी तसा यायचा प्रयत्न करीन. इतक्या वर्षांची सवय आहे, पायरीवर चुकून खाकरलोच, तर तू पदर सावरू नकोस, दारामागंही जाऊ नकोस. बसल्या जागेवरून नुसतं ‘या’ म्हण. मनीला मधे घालू नकोस.

तुझाच,
अप्पा