गॅलरीपर्यंत न पोचलेलं लिंबू

प्रिय अहो,

तुम्ही गेल्यापासून लिहीन लिहीन म्हणत होते, हात धजत नव्हता. आज दहावीच्या वर्गात एका पोरीनं मला फळ्यापाशी अडवलं. हे तुमच्याशिवाय कुणाला सांगू?

वर्गसमीकरणं चालू आहेत. तुमचंच उदाहरण घातलं: खालून वर फेकलेली वस्तू अमुक उंचीवर केव्हा असेल? उत्तरं दोन, एक चढताना, एक उतरताना. तिथवर जेमतेम पोचेल एवढ्याच जोरानं फेकली, तर विवेचक शून्य आणि उत्तर एकच.

वसमतला ही वरच्या मजल्यावरची खोली घेतली तेव्हाचं आठवतं? बाजारातून आलात की आधी खालूनच एक लिंबू गॅलरीकडं फेकायचात, मग जिना. मी मधेच झडप घालायची आणि ते निसटायचं. तुम्ही खालून म्हणायचात, "घाई काहून करती? वर येऊ दे. टोकाला ते थांबतं, तवा धर."

गणिताच्या बाईला फिजिक्सवाल्या नवऱ्यानं शिकवावं! पण खरंच, तिथं ते क्षणभर थांबायचं आणि अलगद हातात यायचं. गल्लीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. आपल्याला कुठं लाज होती!

आज ती पोरगी म्हणाली, "मॅडम, आन् जोरच कमी पडला तर?"

मुळं वास्तव नाहीत, म्हणजे वस्तू त्या उंचीवर पोचतच नाही, एवढं साधं उत्तर. 'उद्या सांगते' म्हणाले आणि फळा पुसायला घेतला. मला ती संध्याकाळ दिसली. लिंबू कठड्याच्या खालूनच परत फिरलं. दुसऱ्यांदा फेकलंत, तेही. तुम्ही दंड चोळत म्हणालात, "वारं हाय आज."

अहो, दोरीवरची साडी हललीसुद्धा नव्हती! जन्मभर लेकरांना 'हवेचा विरोध धरू नका' सांगितलंत, आणि माझ्यापुढं सगळं वाऱ्यावर ढकललंत? मीही हसले. त्याच आठवड्यात तुमचं हृदय बंद पडलं.

दंड दुखत होता ना? मग मला काहून सांगितलं न्हाई? मी घाबरेन म्हणून? आता एकटीनं काय करून राहिले मी, घाबरण्याशिवाय? फार राग आहे तुमचा. संध्याकाळी गॅलरीत जाते, पण खाली बघवत नाही.

उद्या त्या पोरीला उत्तर देईन. मुळं वास्तव नाहीत, हे फळ्यावर लिहीन. पण तेवढं उतरवून कुणाला पुढच्या गणिताला जाऊ देणार नाही. जोर कमी का पडला, हे आधी विचारायला लावीन. तुम्हाला विचारायचं राहिलं, अहो.

तुमची,
सुनंदा