दोनदा विचारून झालं

३ नोव्हेंबर, रविवार
बाबा त्यांच्या घरी न्हाणीघरात घसरले. चाळीस मिनिटं फरशीवर. शेजारणीला सापडले. हाड मोडलेलं नाही. अशा वेळी डोकं शांत ठेवावं लागतं. माझं शांत आहे. फोनचा आवाज बंद करून ठेवलाय, तो वेगळा विषय.

५ नोव्हेंबर
अलेक्झांड्रियातच एक वृद्धनिवास पाहिला. आंघोळीला धरायला माणूस, औषधं वेळेवर. पण आधी आपल्याकडे बोलवायचं, हे माझं तत्त्व. बोलावलं. "नको रे रऊफ, तुम्हाला कशाला त्रास!" दुपारी पुन्हा विचारलं. "छे छे." दोनदा नाही म्हणाले. मी कुणावर जबरदस्ती करत नाही.
सुटल्यासारखं वाटलं का, हे प्रामाणिकपणे तपासलं. वाटलं. दमलो होतो म्हणून असेल.

९ नोव्हेंबर, शनिवार
बाबांना निवासात सोडलं. परतताना शाहिनाज म्हणाली, "दोनदाच विचारलंस? पाहुण्याला चहासुद्धा आपण तीनदा विचारतो." मी म्हटलं, बाप म्हणजे काय पाहुणा आहे? म्हणाली, "मी तरी वेगळं काय म्हणतेय?" बायकोशी वाद घालत नाही.

१२ नोव्हेंबर
तिथल्या सेविका इन्साफबाई (हज करून आलेल्या बाबांना त्या 'हाज' म्हणतात) हसत सांगत होत्या, "उस्ताद, हाज दोन दिवस जवळजवळ उपाशी! जेवायला विचारलं की नको. मग कळलं, जुन्या वळणाचा माणूस. आता तिसऱ्या वेळी अल्लाची शपथ घालते. ताट चाटूनपुसून खातात."
मीही हसलो. जिन्यापर्यंत.

१३ नोव्हेंबर
ठरलं. उद्या तिसऱ्यांदा विचारणार.

१४ नोव्हेंबर
वाहतूक फार.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
सुट्टीच्या दिवशी गंभीर विषय नकोत.

१६ नोव्हेंबर
खरं लिहायचं तर: तिथे तीन परिचारिका आहेत. घरी मी. शाहिनाज सातलाच कामावर जाते. म्हणजे पडले, तर सापडणार मला. उघडं दार, आत पाय. पुढचं लिहवत नाही. अर्थात ही भीती नव्हे, पूर्वविचार.

१८ नोव्हेंबर
विचारलं. ऐकू जाऊ नये इतक्या हळू. शपथ मात्र घातली, ती सवयीने मोठ्याने निघाली.
बाबा म्हणाले, "किती उशीर केलास रे!" आणि उशीखालून घडी केलेले कपडे काढले.
इन्साफबाईंनी चिडवलं, "हाज, तिकडे तुम्हाला धरणार कोण?"
"हा आहे ना."
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही मागे वळून पाहिलं.

२० नोव्हेंबर, सकाळी ८.१०
बाबांना काल घरी आणलं. आता आंघोळीला. कडी लावायची नाही, असं ठरलं होतं. लावली.

८.२२
पाण्याचा आवाज थांबला. हाक मारायची आहे. उत्तर आलं नाही तर? दाराबाहेर उभा आहे. वही भिंतीला टेकवून लिहितोय.

८.२६
आतून आवाज आला. "रऊफ, बाहेर तूच धापा टाकतोयस ना? खुर्ची घे बाळा. पडशील."
घेतली.