दादाच्या कानाखालची गाठ

३ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

घरी सुखरूप पोचलो. पहिला एमआरआय बिघडवला म्हणून सगळ्यांदेखत झापलंस, ते गोड मानून घेतलं. पण चूक तुझ्या यंत्राची. इतका पक्का ठेका धरून कोणी ठोकायला लागलं, तर क्लॅरिनेट वाजवणाऱ्याची जीभ गप्प बसेल का? तोंडातल्या तोंडात अख्खी धून झाली नि चित्रं हलली. दुसऱ्या वेळी मात्र दगडासारखा पडून होतो.

खरं सांगू, भीती वाटते. सर्जन म्हणाले, ओठ हलवणारी नस गाठ असलेल्या या लाळग्रंथीतूनच जाते. गाठ वाईट निघाली तर नसही काढावी लागेल. मग वाद्य कायमचं पेटीत. तुझी वहिनी म्हणते, निदान शेजारी तरी झोपतील. निकाल फोनवर नको, पत्राने कळव. मला बसून वाचायचंय.

लोभ आहेच, निकालापर्यंत थोडा जास्त असू दे.
दादा

१० मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

गाठ कॅन्सरची नाही. सुईने काढलेल्या नमुन्यातही तेच आलं. नस सुरक्षित आहे, ऑपरेशनची घाई नाही. वाजव खुशाल, शेजाऱ्यांचं नशीब!

आता कान पुढे कर. शिरेतून सोडलेलं औषध तुझ्या गाठीत झटकन शिरलं नि झटकन बाहेर पडलं. तो आलेख पाहून आमच्या रेडिऑलॉजिस्ट बाईंनी विचारलं, भाऊ दिवसाला किती सिगारेटी ओढतो? अशी गाठ बहुतेक ओढणाऱ्यांनाच होते म्हणे. मी ताठ मानेने सांगितलं, अकरा वर्षांपूर्वी त्याने मला शब्द दिलाय, तेव्हापासून शिवलेला नाही. त्या नुसत्या हसल्या. आता खोटं कोण, यंत्र की मी? उलट टपाली कळव.

लोभाचं उत्तर आल्यावर बघू.
चिमणी

१६ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

यंत्र खरं बोललं. दिवसाला तीन, तालमीच्या खोलीमागे, वर पेपरमिंटची गोळी. वहिनीलाही पत्ता नव्हता. तुझं पत्र तिनेच मोठ्याने वाचलं, आणि मग माझा जो सत्कार झाला तो शेजाऱ्यांनीही ऐकला.

गाठ साधी निघाली तेव्हा मी रडलो नाही. तू ताठ मानेने माझी बाजू घेतलीस, ते ऐकून रडलो. चारचौघांत तुला खोटं पाडलं मी. आज पाचवा दिवस, एकही ओढलेली नाही. शब्द देत नाही, कारण माझ्या शब्दाला आता किंमत नाही. सहा महिन्यांनी तपासणीला येईन. बाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर तू उत्तर देऊ नकोस. त्यांना माझ्याकडे पाठव, मी सांगेन.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.
दादा