संपात जन्मलेली मुलगी

१२ फेब्रु. ९५
सुरेखाताईने आज मला सात वेळा पाडलं. गुडघ्याचं साल गेलं. सर लाइनवरून ओरडत होते, "ऊठ, ऊठ, नाटक बंद!" आईला सांगितलं सायकलवरून पडले. पण इंडिया ज्युनियर फुटबॉल टीमची स्टॉपर रोज स्वतः मला पाडते, अजून काय पाहिजे!
ती दोनदा बाहेर खेळून आलीय. जूनमध्ये मलेशिया, अंडर नाइन्टीन. सर म्हणाले या वेळी कॅप्टन पण तीच.
मी नववीत. अजून चार वर्षं आहेत. होऊ शकतं.

१९ फेब्रु.
इंग्लिश पेपरच्या बडोदा पानावर स्टुडंट्सचे लेख घेतात. मी ताईवर लिहिणार! म्हणून आज प्रतापनगरला, रेल्वे कॉलनीत तिच्या घरी. काका फिटर आहेत. काकूंनी कळण्याची भाकरी आणि ठेचा दिला. तोंड जळलं, तरी दोन खाल्ल्या.
विचारलं, ताई लहानपणी कशी होती?
"काय सांगू माय, जन्मलीच भांडणात. भुसावळला होतो तेव्हा. रेल्वेचा मोठा संप. ह्यांना जेलात टाकलेलं, पोलीस क्वार्टर खाली करायला दारात, आणि मला कळा सुरू. मी म्हटलं, आता मारा नाहीतर थांबा. थांबले मेले."
सॉलिड!! जन्मायच्या आधीच पोलीस अडवले. हीच सुरुवात करायची. ताई अंघोळीला गेली होती. तिला सरप्राइज.

५ मार्च
आला!!! माझ्या नावासकट, ‘बाय मेधा’. बाबांनी पाच कॉप्या आणल्या, कारेलीबागेत दिसेल त्याला दाखवतायत. काकूंना इंग्लिश येत नाही, मी जाऊन सगळं मराठीत सांगितलं. पोलिसांचं ऐकून लाजल्या. काका ड्यूटीवर. ताई कॅम्पला गेलीय, तिला आल्यावर देणार.

२१ मार्च
ताई परत आली. कॅम्पवरून घरी पाठवली.
सरांनी बाजूला बोलावून कात्रण दाखवलं. माझा लेख. कुणीतरी फेडरेशनला पोस्टाने पाठवलाय. संपाच्या ओळीखाली लाल रेघ.
"आ हडताळ क्यारे थई, खबर छे तने?"
संप कधीचा, खबर नव्हती. देवाशपथ नव्हती. आमचं हिस्टरीचं पुस्तक सत्तेचाळीसला थांबतं.
संप चौऱ्याहत्तरचा. ताईच्या पासपोर्टवर शहात्तर. म्हणजे ती आता मे महिन्यात एकवीसची होणार. एकोणीसची नाही. हे खरं ठरलं तर नुसतं मलेशिया नाही, इंडियाकडून खेळणंच बंद. सीनियर पण. कायमचं.
मी केलं हे.

२२ मार्च
त्यांच्या घरी गेले. काका ओरडले असते तर बरं झालं असतं. "शाळेत घालताना दोन वर्षं कमी लावली. पुढे सरकारी नोकरी लागली तर दोन वर्षं जास्त करता येते. कॉलनीत सगळेच लावतात. फुटबॉल तेव्हा कुणाला माहीत?"
सॉरी म्हटलं. ताई बूट पुसत बसली होती. पुसतच राहिली.
संध्याकाळी ग्राउंडवर मुली म्हणतायत, "चालो चालो, रिपोर्टर आवी! बर्थडे लपवा!" कुणी पास दिला नाही. ताईने मात्र पाडलं. बॉल तिच्याकडे नव्हता, माझ्याकडे पण नव्हता. सर दुसरीकडे बघत होते. घोटा टम्म सुजलाय.

२ एप्रिल
काकांनी वकील गाठलाय. त्याची आयडिया अशी: संपात जन्मली ती सपकाळे काकूंची पहिली मुलगी. ती गेली. सुरेखा दोन वर्षांनंतरची. काकूंनी तसं ॲफिडेव्हिट करायचं. मी लिहून द्यायचं की मी दोन मुलींची गल्लत केली.
वकील टाइप करताना, चहा पीत, "केटला दिवसनी हती, बेन? किती दिवसांची होऊन गेली लिहू?"
काकूंनी काकांकडे बघितलं.
काका म्हणाले, "पंधरा."
काकूंनी सही केली. एकेक अक्षर सावकाश. मग पदराला बोटं पुसली. शाई लागली नव्हती.
बाबांनी सकाळीच सांगितलं होतं, खोटं लिहून दिलंस तर माझ्याशी बोलू नकोस. मी लिहून दिलं. जेवताना बोलले नाहीत. आई पण.

९ एप्रिल
कॉलनीत पसरलं. बायका काकूंना भेटायला येतायत! एक मावशी त्यांचा हात धरून, "इतकी वर्षं एकटीने गिळलंस बाई, बोलली पण नाहीस?" काकूंना रडून दाखवायला लागलं. रडल्या. मग थांबेचना.
बायका गेल्यावर ताई प्रॅक्टिसवरून आली, बॅग टाकली, "भूक लागलीय." काकूंनी तिच्याकडे बघितलं आणि अजून जोरात.
ताई ओरडली, "बस कर ना आई! गेल्या सगळ्या!"
मी कोपऱ्यात. मला कुणी ये म्हणत नाही, जा पण म्हणत नाही. तरी जाते रोज.

१४ एप्रिल
फेडरेशनचं पत्र. ॲफिडेव्हिट मिळालं. पहिल्या मुलीचा मृत्यूचा दाखला पाठवा, महिन्याच्या आत. तोपर्यंत सुरेखा सपकाळे टीमबाहेर.
"मग आता तिला खरंच मारायला लागेल," सर गुजरातीत म्हणाले. हसले. मी पण हसले. नंतर इतकं घाण वाटलं.

१६ एप्रिल
काका उद्या सकाळच्या गाडीने भुसावळला. तिथे नगरपालिकेत ओळखीचा आहे. जुन्या रजिस्टरमध्ये एक ओळ कोरी सापडलीय. पण त्यात नाव लागेल. नुसतं ‘मुलगी’ लिहिलं तर फेडरेशनवाले परत काहीतरी काढतील.
काकू म्हणाल्या, "मी नाही ठेवणार नाव." उठून मोरीत भांडी घासायला बसल्या. घासलेलीच होती ती.
काका मला म्हणाले, "तू लिहितेस ना. सांग एखादं."
मी स्मिता म्हटलं. शेजारच्यांची स्मिता आहे, नको. मग वंदना. ती काकांची बहीण. मग मला एकही नाव आठवेना. जगातलं एक पण.
ताई बोलली. जवळजवळ महिन्याने माझ्याशी बोलली.
"मेधा लिहा. हिचंच. चांगलंय."
"सुरेखा!" काका म्हणाले.
"काय सुरेखा? हिच्यामुळेच मेली ना ती?"
मोरीतला आवाज थांबला. मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही.
काकांनी चष्मा लावला, परत काढला. कागद माझ्यापुढे सरकवला.
"तूच लिही बाळा. तुझं अक्षर चांगलं आहे."