अ‍ॅनालिसिस शेवटी ठेवणारे मामा

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (‘तीर्थरूप’ हे तूर्त सवयीने लिहिलं आहे, ते राहील की नाही हे पुढे कळेल.) तुमचा गुडघा कसा आहे? मामीला विचारून खरं तेच कळवा.

गणिताचे चार पेपर कुठल्या क्रमाने घ्यायचे हे मला शुक्रवारपर्यंत ठरवायचं होतं. क्रम चुकला की वर्ष हातचं गेलं. तुम्ही सांगितलंत, आधी कॅल्क्युलस, मग अल्जेब्रा, मग संख्याशास्त्र आणि अ‍ॅनालिसिस अगदी शेवटी. पण कॅल्क्युलसचे सर म्हणाले, आधी अल्जेब्रा करून या. अल्जेब्राच्या बाई म्हणाल्या, आधी कॅल्क्युलस. (दोघं एकाच खोलीत पाठीला पाठ लावून बसतात. मी हेलपाटे घालत राहिले आणि त्यांचा चहा निवांत झाला.) पोरं एकमेकांच्या गळ्यात मारायचं यांचं संगनमत आहे, हे मी तेव्हाच ओळखलं. मात्र अ‍ॅनालिसिस शेवटी, यावर सगळ्यांचं एकमत! एरवी पंखा लावायचा की नाही यावरही यांचं जमत नाही. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

म्हणून तडक अ‍ॅनालिसिसच्या बाईंना गाठलं. (त्यांना सगळे ‘सिद्ध करा’ म्हणतात. माझी तब्येत बरी नाही म्हटलं तरी त्या तेवढंच म्हणतात.) मी बोलत असताना त्या माझ्याकडे टक लावून बघत होत्या. मग म्हणाल्या, बोलताना असाच कान ओढणारा एक उंच मुलगा होता, तो तुझा कोण? मी ऐटीत सांगितलं, सख्खे मामा! तर म्हणाल्या, त्यानेही माझा पेपर शेवटी ठेवला होता, मी अजून वाट बघतेय.

अहो मामा! जन्मभर गणिताचे पदवीधर म्हणून मिरवलात, माझ्या प्रत्येक निकालावर नाक मुरडलंत, आणि तुमचाच एक पेपर बाकी? आधी संताप आला, मग हसू फुटलं, आणि रात्री जेवताना तुमच्यासाठी उगाच भरून आलं. माझंही तसंच व्हायला नको, म्हणून मी अ‍ॅनालिसिसच पहिला घेतला. मामीला यातलं काही बोललेले नाही. (अजून.)

तुमची (सावध झालेली) भाची

ता. क. : पहिला तास झाला. एक अक्षर कळलं नाही. आधी कॅल्क्युलस हवा होता, हे तुमचं म्हणणं खरं निघालं. तो मला तुम्हीच शिकवायचा आहे, आणि तेही अ‍ॅनालिसिसच्या वर्गात माझ्या शेजारी बसून. जुन्या विद्यार्थ्यांना राहिलेला पेपर देता येतो.

आणखी ता. क. : मामीबद्दल वर लिहिलं ते खोटं. तिला हे लग्नाआधीपासून माहीत आहे. तुमचा अर्ज तिनेच कॉलेजात आणून दिला. काल बाईंनी हजेरीत तुमचं नाव पुकारलं. मी ‘हजर’ म्हणून टाकलंय.