फळ्यावरची चौथी ओळ

मी, दत्ताराम लवू पाष्टे, वय एकाहत्तर, गणिताचा निवृत्त प्राध्यापक, राहणार रत्नागिरी, कोणाच्याही दबावाखाली नसताना हे लिहीत आहे. दबाव आणायलाही घरी कोणीतरी यावे लागते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. दाखला म्हणजे सिद्धता नव्हे, पण कोर्टाचे तेवढ्यावर भागते.

१. घर व मागचे आंबे पुतण्या रितेश यास. तो मुंबईहून फोन करतो आणि मी काहीही बोललो तरी "बरोबर, काका" म्हणून ठेवून देतो. घर विकले तरी माझी हरकत नाही.

२. आमचे तेव्हाचे विभागप्रमुख प्रा. विनीत यांस काहीही नाही. माझी विद्यार्थिनी लायबा हिने सिद्धता नमुना उत्तराहून वेगळ्या वाटेने, पण बिनचूक लिहिली. यांनी शून्य दिले. पाठ करून ओकणाऱ्यांना पैकीच्या पैकी! मी भांडलो, तर माझी तोंडी परीक्षाच बंद केली. तीत एकाने फळ्यावर सिद्धता मांडायची आणि बाकीच्यांनी ओळीओळीला "कशावरून?" विचारायचे, गुण विचारणाऱ्यालाही मिळत. यांना का वगळले, याची सिद्धता वाचणाऱ्यावर सोपवतो.

३. पडवीतला फळा लायबा होडेकर हिला. मूळची नाटे गावची, आता देवरूखला कॉलेजात शिकवते. एकदा वर्गात मीच घाईने "हे उघडच आहे" म्हणालो, तर ही मागच्या बाकावरून म्हणाली, "सर, मला नाही दिसत. कशावरून?" त्या दिवशी मी गुणगुणत घरी आलो होतो.

४. त्या फळ्यावर माझी एक सिद्धता आहे. चौथी ओळ पटत नाही आणि चूकही सापडत नाही. निवृत्त झाल्यापासून मला कोणी "कशावरून?" विचारलेले नाही. स्वतःला विचारून पाहिले, पण माणूस स्वतःशी लबाडी करतो. मला फार एकटे वाटते. हे कायद्याच्या भाषेत कसे लिहितात ते ठाऊक नाही. लायबा, फळा माझ्यामागे ने, पण ती ओळ मी असताना येऊन तपास. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात, म्हणून या कलमाची नक्कल आजच पोस्टात टाकत आहे.

सर्व वाचून, साक्षीदारांना वाचून दाखवून सही केली.

रत्नागिरी, १४ नोव्हेंबर २०२४
(सही) द. ल. पाष्टे

साक्षीदार:
(सही) डॉ. दर्शना सुर्वे
(सही) केरू घवाळी, शेजारी

ता. क. केरू एरवी माझ्या प्रत्येक वाक्याला "बरोबर, सर" म्हणतो. आज कलम चार ऐकून पेन हातात धरून थांबला आणि म्हणाला, "पन सर, ती येल कशावरनं?" त्याला चहाला थांबवून घेतले आहे.