‘उसनी चाल’ कोणाकडे जाईल याविषयी

मी, पद्मजा श्याम खांबेटे, वय ७४, राहणार धायरी, पुणे, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. याआधी मृत्युपत्र केलेले नाही आणि पुन्हा करण्याचा मला कंटाळा आहे. सबब हेच अंतिम समजावे.

१. धायरीचा फ्लॅट, बँकेतल्या ठेवी व दागिने माझा मुलगा केयूर याला मिळावेत. यावर चर्चा नको.

२. ‘उसनी चाल’ हे माझे संगीत नाटक, त्याच्या प्रयोगाचे हक्क आणि माझा ऑर्गन सलोनीला मिळावा. सलोनी माझी सून होती. गेल्या वर्षी तिचा व केयूरचा घटस्फोट झाला. तिचा माझ्याशी झालेला नाही.

या नाटकात एकही गाणे माझे नाही. लग्नाच्या बँडवर, रेडिओवर, गणपतीच्या मांडवात लोकांच्या तोंडी बसलेली गाणी घेऊन मी त्यांच्याभोवती गोष्ट रचली. मूळ मालकांच्या परवानग्या सलोनीने वेळच्या वेळी घ्याव्यात. माझा मावसभाऊ अभय पहिल्या प्रयोगानंतर माझाच चहा पीत म्हणाला होता, “पद्माताई, गाणी सगळी दुसऱ्यांची. मग यात तुझं काय?” बोलणे कुठे अपुरे पडते आणि गाणे कुठे सुरू व्हायला हवे, एवढेच माझे, अभय. तुला या मृत्युपत्रात काहीही ठेवलेले नाही. प्रयोगाला तिकीट काढून यावे.

३. शेवटच्या गाण्याचा वन्स मोअर कोणीही काढून टाकू नये. नायिका गाऊन मरते, प्रेक्षक वन्स मोअर देतात, ती उठून पुन्हा गाते व पुन्हा मरते. संगीत नाटकात हे असेच चालते. केयूर म्हणतो, लोक हसतात. हसू देत.

विश्रांतवाडीच्या प्रयोगात वन्स मोअर आला आणि केयूरने मुद्दाम पडदा पाडला. नायिका सलोनी होती. ती पडद्याखालून बाहेर आली, पदर सारखा केला, रंगमंचाच्या कडेला बसून गायली आणि तिथेच पुन्हा मेली. पडद्याबाहेर राहिलेले प्रेत उचलायला व्यवस्थापकांना धावावे लागले. लोक पोट धरून हसले आणि त्याच लोकांनी डोळेही पुसले. मी ऑर्गनवरचे हात काढून घेतले होते. तिला साथीची गरज नव्हती. नाटक हिचे, हे मी तिथेच ठरवले.

४. केयूर, नाटकाचा ध्वनी तुझ्यासारखा सांभाळणारा माणूस मी पाहिलेला नाही. तो पुढेही तूच सांभाळावास, असे मला फार वाटते. मात्र ही अट नाही. तुम्हा दोघांना एका खोलीत कोंडून मी जाणार नाही. हवे असेल तर तू स्वतः सलोनीला विचार. तू चालशील का, हे मी तिला विचारून पाहिले. ती म्हणाली, “आई, त्यालाच एकदा मला विचारू दे ना.”

पुणे, १२ फेब्रुवारी २०२५
सही: पद्मजा श्याम खांबेटे

आमच्यासमोर सही केली:
१. डॉ. पूर्वा आगाशे (प्रकृती तपासली, उत्तम आहे)
२. अभय साने (यांना काही मिळत नसल्याने साक्षीदार चालतात)